बिनतिखटाची वाटी

खलबत्त्याचा आवाज सुधाकररावांच्या ओळखीचा होता, पण सकाळच्या चहाआधी तो त्यांच्या घरात कधी ऐकू आला नव्हता. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर साबण, अशा अवस्थेत ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. जयवंताबाई खाली बसून भाजलेले तीळ कुटत होत्या. चटणीला कुटतात तसे नाही; अगदी हळू, मधूनमधून चिमूट घेऊन, बोटं एकमेकांवर घासून पाहत. "काय कुटून राह्यली?" त्यांनी बायकोला विचारलं. "तीळ." "अख्खे टाकले त काय होते?" "एखादा दाना हिरडीत जाऊन बसला म्हंजे? दादाची जखम ओली हाय अजून." दूध आलं, पेपर आला, असं सांगावं तितक्या सहज त्या बोलल्या आणि पुन्हा चिमूट घासू लागल्या. सुधाकरराव आरशापाशी परत आले. मागच्या उन्हाळ्यात त्यांची दाढ ठणकत होती तेव्हा याच बाईने "लवंग धरा दाढेत" एवढंच म्हटलं होतं आणि ताटात नेहमीची भाकर वाढली होती. त्या भाकरीचा एकेक तुकडा त्यांनी दुसऱ्या बाजूने चावून खाल्ला होता, आणि त्यात काही वावगं आहे हे तेव्हा मनातसुद्धा आलं नव्हतं. आता आलं. उरलेली दाढी करताना हनुवटीखाली कापलं.

दादा म्हणजे यशवंतराव, थोरले भाऊ. भीमपूरच्या अलीकडे गावात त्यांची कापसाची आणि सोयाबीनची शेती. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. शेत आता मुलगा नागोराव बघतो. तोंडात उरलेसुरले दात हलायला लागले तेव्हा ते आदिलाबादला धाकट्या भावाकडे आले आणि डॉक्टरने सगळे काढून टाकले. नवी कवळी हिरड्या भरल्यावर, म्हणजे दिवाळी होऊन गेल्यावर. तोवर अंगणापलीकडची खोली त्यांची. गरम लागलं की ते डोळे मिटून घेत, आणि चावायचा तर प्रश्नच नव्हता. पहिले काही दिवस ताक, कण्या, आंबील झालं. त्यावर एवढा थोरला गडी सुकायला लागला. तेवढ्यात सुधाकररावांची मुलगी प्रणिता हैदराबादच्या होस्टेलवरून सुटीला आली. येताना फुकट इंटरनेटचं नवीन सिम घेऊन आली आणि आईच्या फोनमध्ये घालून दिलं. मग मायलेकी दुपारभर कोरियातल्या मालिका बघू लागल्या. त्यात ओळीने सगळे रडत आणि मधूनमधून जेवत. प्रणितानेच आईला दाखवलं, की तिथले लोक सोयाबीनच्या दुधाचं पनीर करतात, टोफू म्हणतात त्याला, आणि नुसतं थंडगार वाटीत घालून वरून सोयासॉस, तिळाचं तेल, लसूण, कांद्याची पात घालून खातात. पाच मिनिटांचं काम. "शिजवायचं काहीच नाही गं आई. मोठ्या बाबांना चालेल." टोफू काही आदिलाबादला मिळेना. पण सोयाबीन तर घरात पोतंभर पडलेलं होतं, दादांनीच येताना आणलेलं, मागच्या हंगामाचं. गावात सगळे पावसाळाभर ते पिकवतात, काढतात, विकून टाकतात; त्याचं तेल निघतं आणि ढेप गुराकोंबड्यांना जाते. खाण्याच्या भांड्यात ते कधी कोणी टाकलं नव्हतं.

जयवंताबाईंनी टाकलं. रात्री भिजत घालायचं, सकाळी सालं चोळून काढायची, मिक्सरमधून वाटायचं, जुन्या धोतराच्या फडक्यातून पिळायचं. घरभर कच्च्या शेंगेचा वास सुटे. दूध उकळलं की लिंबू, मग फडक्यात बांधून वर वरवंटा. दुपारी फ्रिजमधून निघे तो पांढरा, थरथरणारा तुकडा. पहिल्या दिवशी त्यांनी पहिली वाटी सुधाकररावांसमोर धरली होती. लग्नातल्या सेटमधली काचेची वाटी, जी आजवर कपाटातून बाहेर निघाली नव्हती. वर लाल तिखट, हिरवी पात, तीळ. डोळ्यांत काहीतरी वाट पाहणारं. आणि सुधाकरराव म्हणाले होते, "ढेपच खायाची राह्यली होती आता. जनावराचं खानं हे." ऑफिसात चारचौघांत हे बोलले असते तर हशा झाला असता. इथे झाला नाही. जयवंताबाईंनी वाटी मागे घेतली, वरचं तिखट चमच्याने काढून टाकलं आणि म्हणाल्या, "मंग दादाले नेऊन द्या." त्यानंतर ती वाटी त्यांच्यासमोर कधी धरली गेली नाही. एकदा जरी पुन्हा "खाता का?" असं विचारलं असतं तरी ते "आन" म्हणाले असते. पण विचारायला जयवंताबाई काही कोरियातल्या नव्हत्या.

वाटी नेण्याचं काम मात्र त्यांच्याकडेच आलं, कारण प्रणिता सुटी संपवून परत गेली होती आणि दुसरं कोणी ते करू शकत नव्हतं. भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या हातात काही द्यायचं नाही, हे जयवंताबाई माहेराहून शिकून आल्या होत्या आणि शहरात येऊन इतकी वर्षं झाली तरी सोडलं नव्हतं. शेजारच्या तेलुगू बायका हसत. दादा अंगणात आले की यांचा पदर कपाळावर आणि पावलं दाराआड. त्या दोघांत जे काही बोलणं व्हायचं ते सुधाकररावांच्या तोंडून. "विचारा त्याइले, मीठ बरोबर हाय का." "सांग तिले, बरोबर हाय." लग्न झाल्यापासून ते असे अंगण ओलांडत आले होते आणि त्यांना त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. उलट, आपल्यावाचून यांचं अडतं, हे बरंच वाटे. आता वाटी हातात घेऊन तुळशीपाशी आले की त्यांचा पाय अडे. वाटीत तीळ पीठ झालेले, लसूण कच्चा झोंबेल म्हणून तेलात परतलेला, पात इतकी बारीक की हिरवं पाणीच. एवढं सगळं एका माणसाच्या हिरड्यांचा विचार करून. एक दिवस त्यांनी तुळशीआड उभं राहून बोटभर उचललं आणि जिभेवर ठेवलं. आधी नुसतं थंड, चव अशी काहीच नाही. मग तीळ आले, मग सॉसचा खारटपणा, शेवटी लसणाचा वास नाकाशी. तिखट असतं तर आणखी मजा आली असती. पण तिखटाची वाटी त्यांच्या वाट्याची होती आणि ती त्यांनीच परत केली होती. बोट धोतराला पुसून ते पुढे गेले. लहानपणी आई दुधावरची साय दादाला द्यायची, "तो नांगर धरते" म्हणून. आणि हे खिडकीतून बघत बसायचे, शाळेत जाणारे, नांगर न धरणारे. जीव तेव्हाही असाच जळायचा. इतक्या वर्षांत नुसतं पोट सुटलं होतं, बाकी काही फरक पडला नव्हता.

आणि एक गोष्ट होती, जी ते स्वतःशीसुद्धा सरळ आठवत नसत. तिच्या कडेकडेने जात. भैंशाकडच्या गावात मुलगी बघायला ते गेलेच नव्हते. त्यांची नोकरीची परीक्षा होती, म्हणून दादा गेले. मिशा पिळलेले, पांढराशुभ्र शर्ट. दादांनी मुलगी पाहिली, दादांनी होकार दिला, घरी येऊन "पोरगी चांगली हाय" म्हणाले, आणि सुधाकररावांनी तिला थेट अंतरपाट सरकल्यावर पाहिलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी, एका निवांत दुपारी, जयवंताबाई हसत हसत म्हणाल्या होत्या, "मले त वाटलं होतं हेच नवरदेव. चहा देताना हात कापे माह्या. अंतरपाटाच्या पल्याड पायते त भलताच." तेव्हा तेही हसले होते. खूप हसले होते. नंतर ते वाक्य कुठेतरी जाऊन बसलं, हिरडीत दाणा बसतो तसं, आणि मधूनच जीभ तिथे जायची. एवढा पदर का? नुसत्या रीतीसाठी माणूस इतकी वर्षं तोंड लपवतं का? जिच्या मनात काही नाही ती दाराआड कशाला पळेल? हे प्रश्न मूर्खपणाचे आहेत हे त्यांना कळत होतं. पंचावन्नच्या घरातल्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाला ते शोभत नव्हते. पण रोज सकाळी खलबत्ता वाजे आणि ते पुन्हा हजर होत.

त्यात ऑर्डर आली. दसऱ्याला आदिलाबादचे चार जिल्हे होणार, हे महिनाभर गाजत होतं. कार्यालयातली कपाटं उघडून दफ्तरं वाटली जात होती, कोणती मिसल निर्मलला, कोणती मंचिर्यालला, आणि माणसंही तशीच. सुधाकररावांच्या नावापुढे आसिफाबाद निघालं. दसऱ्याच्या दिवशीच हजर व्हायचं. संध्याकाळी त्यांनी घरी सांगितलं तेव्हा दादा ओट्यावर बसले होते. बिनदातांचं तोंड उघडून हसले. "आमचं भीमपूर मंडळ होऊन राह्यलं, अन् तू आदिलाबादचा मानूस आसिफाबादचा. आमी वाढलो, तू सरकला." गावाकडचं भीमपूर आता वेगळं मंडळ, म्हणजे तालुका, होणार होतं; गमतीत म्हणाले ते. सुधाकररावांनी आत जाऊन जयवंताबाईंना सांगितलं, आणि वाट पाहत थांबले. 'मी पन येते' हे तीन शब्द, फक्त तेवढे. जयवंताबाईंनी पातेलं उतरवलं, झाकण ठेवलं, आणि म्हणाल्या, "दादाचे दात दिवाळीनंतर बसतीन ना?" म्हणजे हिशोब कुठून सुरू होतो ते कळलं. ती सोबत येणार की नाही, एवढाच एक प्रश्न आता त्यांच्या डोक्यात होता, आणि तो विचारायची त्यांच्यात धमक नव्हती. विचारला आणि 'नाई' आलं तर ते ऐकून अंगण ओलांडून कोणाला सांगायला जायचं?

त्यानंतर निरोप आखूड व्हायला लागले. ठरवून नाही. दादा वाटी चाटूनपुसून खात आणि म्हणत, "सांग तिले, ओठावर ठेवलं की आपोआप खाली गेलं. तोंडात जीभ हाय हे इतक्या दिसानं समजलं मले." सुधाकरराव रिकामी वाटी घेऊन निघत, तुळशीपर्यंत जीभ गळून पडे, दारापर्यंत ओठ. आत येऊन ते म्हणत, "ठीक हाय म्हने." "आनखीन काई?" "नाई." जयवंताबाईंचा चेहरा किंचित उतरे, तेवढा ते डोळ्यांनी मोजून घेत, बरं वाटे, आणि लगेच बरं वाटल्याची लाज वाटे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग दसरा चारपाच दिवसांवर आला. बाहेर गल्लीतल्या बायका बतुकम्माच्या सणाची फुलं रचत होत्या. जयवंताबाई ट्रंकेत त्यांचे एकट्याचे कपडे घालत होत्या. एकट्याचे. सुधाकरराव दादांकडून वाटी घेऊन आले आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "उद्यापासून नको म्हने ते." जयवंताबाई थांबल्या. "काऊन?" "वास येते म्हने." त्यांनी वाटी घेतली, घासली, पुसली आणि कपाटात सेटमध्ये ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी कण्या गेल्या. दादांनी खाल्ल्या, विचारलं काही नाही. भावजयीच्या स्वयंपाकाची चौकशी भासऱ्याने करायची नसते. तिसऱ्या दिवशी मात्र हळूच म्हणाले, "सोयाबीन सरलं का रे?" सुधाकरराव म्हणाले, "नाई. थकली ते. रोजचं पिळायचं, हात दुखून राह्यले तिचे." दादांनी मान हलवली. "व्हय. व्हयच की." बस. दोन्हीकडे एकेक खोटं, आणि मधे ते. इतकं सोपं होतं. सकाळी खलबत्ता वाजला नाही आणि सुधाकररावांनी निवांत दाढी केली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी ते न्हाणीत होते. डोक्याला साबण लावलेला, डोळे मिटलेले. अंगणात दादांच्या वहाणा वाजल्या, मग त्यांचा खाकरा. "सुधा." यांनी ओ द्यायला तोंड उघडलं तर साबण तोंडात गेला. दादांनी थोडी वाट पाहिली आणि मग बोलायला लागले. सुधाकररावांशी नव्हे, तुळशीशी. मधला माणूस नसला आणि निरोप अडला तर भासऱ्याने झाडाशी, भिंतीशी बोलायचं आणि ज्याने ऐकायचं त्याने ऐकायचं, ही पण रीतच होती. या घरात तिची वेळ कधी आली नव्हती, कारण सुधाकरराव नेहमी हजर असत. "तुळसाबाई," दादा म्हणाले, "घरात सांगा, मी गावाले जाऊन राह्यलो. कापूस वेचाले आला. दाताचं पाहू दिवाळीनंतर. लय तरास देल्ला बाईमानसाले. हात दुखेपर्यंत कराले लावलं. मले समजाले पाह्यजे होतं." न्हाणीच्या पत्र्यावर कावळा चालत होता. सुधाकररावांना वाटलं आता काही होणार नाही. दाराआडून कोणी बोलणार नाही, कधी बोललं नाही. आणि स्वयंपाकघराच्या चौकटीतून जयवंताबाईंचा आवाज आला, हळू पण स्वच्छ, "चौकटबाई, विचारा, हात दुखते असं कोन म्हटलं." "सुधा म्हने." "अन् वास येते म्हून नको, असं कोन म्हटलं?" "वास?" दादा तुळशीला विसरले. "मी काऊन नको म्हनू? मी त त्या दाक्तरले म्हननार होतो, दात देऊच नोको. दात आले की ते बंद होईन."

आणि जयवंताबाई हसल्या. पदराआड दाबलेलं नव्हे, मोकळं, अंगणभर. ते हसणं सुधाकररावांच्या ओळखीचं होतं. एका निवांत दुपारी ऐकलेलं. त्यानंतर, "बसा दादा," त्या म्हणाल्या. चौकटीला नाही, तुळशीला नाही. "भिजू घातलेलंच हाय. सवयीनं घातलं मी रातीच. बसा." सुधाकररावांच्या हातातला तांब्या दगडावर पडला. तो गडगडत मोरीपर्यंत गेला. डोळ्यांत साबण गेला होता, भयंकर चुरचुरत होतं, आणि ते तसेच उभे होते, कारण पाणी घेतलं की अंघोळ संपणार आणि अंघोळ संपली की बाहेर जावं लागणार.

ते बाहेर आले तेव्हा दादांची पिशवी खोलीत परत गेली होती. कोणी त्यांना काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी आवाज चढवला असता, ऑर्डरचं, धावपळीचं, रक्तदाबाचं काहीतरी बोलले असते. जयवंताबाईंनी सोयाबीन पिळलं, दूध उकळलं, लिंबू घातलं, वरवंटा ठेवला. दुपारी खलबत्ता वाजला. मग त्यांनी कपाटातून दोन काचेच्या वाट्या काढल्या, आणि एक वाटी स्वतः घेऊन, पदर कपाळावर, पण हात उघडा आणि पाऊल सरळ, अंगण ओलांडून दादांच्या पुढ्यात नेऊन ठेवली. सुधाकरराव ओसरीवरून बघत राहिले. त्यांना वाटलं होतं त्यातलं त्या चालण्यात काहीही नव्हतं. एक बाई एका म्हाताऱ्याला जेवायला देत होती, एवढंच. पण आता ते दोघं बोलतील. मीठ विचारतील, तेल विचारतील, कापसाचं, नागोरावचं, प्रणिताचं. इतकी वर्षं त्यांचा प्रत्येक शब्द आधी सुधाकररावांना मिळत होता, उष्टा करून ते पुढे देत होते. आपण श्रीमंत होतो, आणि एवढंसं गाळायला गेलो नि सगळंच गेलं.

परत येऊन त्यांनी दुसरी वाटी सुधाकररावांसमोर ठेवली. वर लाल तिखट, अख्खे तीळ. "जनावराचं खानं हाय," जयवंताबाई म्हणाल्या. "खाता का?" त्यांनी खाल्लं. तिखटाने खरंच मजा आली. थंड तुकडा जिभेवर विरघळायला लागतो, मागून मिरची चढते आणि तीळ दाताखाली फुटतात. असं काही त्यांनी जन्मात खाल्लं नव्हतं. हे सांगायला त्यांनी मान वर केली. जयवंताबाई बघत होत्या, पहिल्या दिवसासारख्याच. "ठीक हाय," ते म्हणाले. आणि ते मागे घ्यायच्या आत, वाटीकडे बघत, "तू येते ना आसिफाबादले?" असंही विचारून टाकलं. "दात बसू द्या," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे दादांनी सुधाकररावांना आपट्याची पानं दिली, डोक्यावरून हात फिरवला, आणि त्यांनी उटनूरवरून जाणारी बस पकडली.

आसिफाबादला किराणा दुकानाच्या मागची एक खोली मिळाली. कार्यालयात अजून खुर्च्या यायच्या होत्या. चौघं एका टेबलाभोवती बसून नव्या जिल्ह्याचं नाव जुन्या शिक्क्यांवर कसं बसवायचं ते बोलत. संध्याकाळी करायला काही नसे. एका रविवारी त्यांनी बाजारातून सोयाबीन आणलं, भिजवलं, शेजारच्या इडलीवालीच्या ग्राइंडरवर वाटून घेतलं. "इदेंटि सार?" ती विचारत होती, हे काय, आणि याला तेलुगूत काय म्हणायचं ते त्यांना सुचेना. बनियनच्या फडक्यातून पिळलं. दूध उकळलं. खायचं थंड असतं, म्हणून त्यांनी ते नीट निवू दिलं, पातेलं पाण्यात ठेवून गार केलं आणि मग लिंबू पिळलं. काही झालं नाही. आणखी पिळलं. पांढरं, आंबट, पातळ पाणी. बराच वेळ ते त्यात चमचा फिरवत उभे होते. मग त्यांनी घरी फोन लावला.

फोन दादांनी उचलला. "जयवंता कुठं हाय?" "हे का, इथंच. पीठ मळून राह्यली, हात भरले तिचे. बोल तू, मी सांगतो." सुधाकररावांनी सांगितलं. "सुधा म्हनते, दूध फाटूनच नाई राह्यलं," दादा म्हणाले, आणि लांबून बायकोचा आवाज आला, "निवू देल्लं असन. उकळतं उतरवलं की लगेच टाका म्हना. अन् ढवळत नोका बसू, हात लावू नोका त्याले." दादांनी शब्दन् शब्द सांगितला. त्यांनी सांगितलं नसतं तरी ऐकू आलं होतं. सुधाकरराव पातेल्याकडे बघत राहिले. "दादा," ते म्हणाले, "तिले विचारा, दिवाळीनंतरसाठी मोठी खोली पाहून ठेवू का मी. अन् म्हना, ते लय चांगलं झालं होतं. त्या दिवशीचं. तिखटाचं. तेवा म्हनलो नाई मी." पलीकडे दादांनी ते सगळं सांगितलं, काही न गाळता, अगदी 'तिखटाचं'सुद्धा. मग जयवंताबाई बोलायला लागल्या. त्या पिठाची परात घेऊन जरा लांब गेल्या असाव्यात. शब्द लागत नव्हते, नुसता आवाज, खालीवर होणारा, मधे थांबून पुन्हा सुरू होणारा. एकदा हसल्या. दादा मधून "हं, हं" करत होते. सुधाकररावांनी फोन कानावर इतका दाबला की कान दुखला. बराच वेळ बोलत होती ती. इतकं सलग ती त्यांच्याशी कधी बोलली होती, ते त्यांना आठवेना.

मग आवाज थांबला आणि दादा फोनवर आले.

"ठीक हाय म्हने," ते म्हणाले.